फटफटीचं बलुतं

"धोंडप्पांच्या कार्डाला उत्तर टाकलं का?" वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"टाकतो," मी म्हणालो.

हा प्रश्न आणि हे उत्तर आमच्या घरात जवळजवळ वर्षभर चाललं होतं. वहिनी महिन्या-दोन महिन्यांनी विचारायच्या, मी तेच सांगायचो. कार्ड माझ्या टेबलावरच्या शब्दकोशात ठेवलेलं होतं. मजकूर एवढाच होता: 'दसरा जवळ आला. वकीलसाहेबांची फटफटी माझ्याकडे सुखरूप आहे. यंदा दोरा बांधू की तुम्ही सोडता, ते कळवावे.' खाली 'धोंडप्पा गाडीवान, चाकूर' आणि अंगठा. अक्षर चाकूरच्या शाळामास्तरांचं.

मी नांदेडला शाळेत मराठी शिकवत होतो. मुलांना पत्रलेखन मीच शिकवायचो. या कार्डाचं उत्तर एका शब्दाचं होतं. बांधा, किंवा सोडतो. तो एक शब्द मला लिहिता येत नव्हता.

वकीलसाहेब म्हणजे माझे थोरले बंधू, मार्तंडदादा. ते नांदेडला वकिली करत आणि त्यांची बरीचशी कामं लातूरला असत. लढाईच्या दिवसांत त्यांनी बदली होऊन जाणाऱ्या एका इंजिनिअरकडून जुनी विलायती फटफटी विकत घेतली. पेट्रोल मोजून मिळायचं, म्हणून दादा त्यात रॉकेल मिसळत. आमच्या गल्लीला ती धुरामुळे आधी दिसायची आणि मग ऐकू यायची. नांदेडहून निघून लातूरला न थांबता पोचली, असं फार क्वचित व्हायचं.

त्या रस्त्यावर फटफटी बंद पडली की धोंडप्पा.

धोंडप्पाच्या घरी बापजाद्यांपासून गाडीवानी होती. त्याचा बाप नांदेडच्या जिनिंगला कापूस वाहायचा. पुढे मोटारी आल्या आणि कापूस त्यांच्याकडे गेला. रिकामे बैल घेऊन बसलेल्या धोंडप्पाला एकदा रस्त्यात अडकलेले एक डॉक्टर सापडले. त्यांना गाडीसकट लातूरला पोचवल्यावर त्यानं भाड्याऐवजी एक गोष्ट मागितली. म्हणाला, "डाक्टरसाब, नांगर मोडो का न मोडो, सुताराला सुगीला बलुतं मिळतंच का न्हाई? तसं फटफटीचं करा. सुगीला एक पोतं ज्वारी मला. मग वर्षात कवाबी मोडू द्या, नांदेड ते लातूर, कुठंबी. आणून पोचवायची माझ्याकडं लागली."

डॉक्टर हसले आणि कबूल झाले. मग दोन्ही गावांतले फटफटीवाले एकेक करून त्यात आले. होतेच किती? डॉक्टर, दोन वकील, एक ठेकेदार, जनावरांचे दवाखानेवाले. धोंडप्पा दरवर्षी माहूरला रेणुकादेवीला जायचा, तिथून लाल-पिवळे दोरे आणायचा आणि दसऱ्याला घरोघर जाऊन प्रत्येक फटफटीच्या हँडलला एक दोरा स्वतः बांधायचा. रस्त्यावरच्या सगळ्या गाडीवानांना तो दोरा माहीत होता. दोरा दिसला की भाड्याची घासाघीस करायची नाही, गाडी उचलायची आणि धोंडप्पाला निरोप धाडायचा. आपल्या वाट्याच्या ज्वारीतून तो त्यांचं बघायचा.

त्याचा एक नियम मात्र पक्का होता. दोरा तो बांधणार, पण सोडायचा तो त्या घरच्या माणसानं. सोडला की बलुतं संपलं, गाडी ज्याची त्यानं न्यावी. जोवर दोरा आहे, तोवर गाडी आणि माणूस दोघंही धोंडप्पाच्या अंगावर.

मी एकदाच दादांच्या मागे बसून लातूरला निघालो होतो. तिथल्या एका गृहस्थांकडची जुनी मासिकं मला बघायची होती. अहमदपूर मागे पडलं आणि फटफटी दोनदा खोकून गप्प झाली. दादा खाली उतरले, इकडे-तिकडे दाबून पाहिलं, आणि रस्त्याकडेच्या लिंबाखाली जाऊन चक्क आडवे झाले.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"रेणू, बंद पडलेल्या फटफटीसारखी विश्रांती नाही. पुस्तक आणलंयस ना? वाच." दादा मला रेणूच म्हणत.

शेंगांची गाडी घेऊन चाललेल्या एकानं हँडलकडे पाहिलं, "धोंडप्पाची हाय का?" म्हणून विचारलं आणि पुढे गेला. उन्हं कलायच्या आत धोंडप्पा आला. उंच, सडसडीत, डोक्याला मळकं मुंडासं, गळ्यात लिंग. आल्या आल्या बैलांना पाणी दाखवून तो फटफटीभोवती एक फेरी मारून उभा राहिला.

"वकीलसाब, ह्या बारीला काय पाजलंव हिला? वास तर कंदिलाचा येऊन राहिला."

"तू आपलं उचलायचं बघ. इंजिनातलं तुला काय कळतं?"

"काय बी न्हाई कळत. मला आपलं वजन कळतं. मागल्या बारीपरीस तुमी जड झालाव."

गाडीच्या मागे दोन फळ्या लावून दोघांनी फटफटी वर ढकलली. मी मदतीला म्हणून हात लावला तो नेमका तापलेल्या नळीला. धोंडप्पानं कडब्याच्या पेंढ्यांत ती उभी रोवली, दोरखंडानं चारी बाजूंनी आवळली. आणि मग दादा, अंगात वकिलीचा काळा कोट, फटफटीवर टांग टाकून वर बसले. म्हणाले, "मी फटफटीनं लातूरला जातो म्हणून सांगून निघालोय. खोटं कशाला करायचं?"

बैल चालू लागले. वाटेत गाव आलं की दादा भोंगा वाजवत, पोरं मागे धावत, बाया दारात येऊन पदर तोंडाला लावून हसत.

"मास्तर," धोंडप्पा मला म्हणाला, "असं येडं गिऱ्हाईक मला दुसरं न्हाई. बाकीचे मोडली की तोंड पाडून बसत्यात. ह्यांना मोडल्याबिगर करमत न्हाई."

दादा वरून ओरडले, "अरे, ज्वारी वसूल नको का व्हायला?"

घरी वहिनींना हे सगळं ते रंगवून सांगत. वहिनी, सौदामिनी त्यांचं नाव, हसून हसून डोळे पुसत. त्या मात्र फटफटीवर कधी बसल्या नव्हत्या. आमच्या गल्लीत ते शक्य नव्हतं. बायको नवऱ्याला धरून मागे बसली असती तर महिनाभर दुसरा विषय झाला नसता. दादा म्हणायचे, "तुला एकदा माहूरला नेतो. पहाटे निघू. कोणी उठायच्या आत गावाबाहेर." वहिनी म्हणायच्या, "आणि बंद पडली तर?" दादा म्हणायचे, "मग काय, धोंडप्पाच्या गाडीत वर बसू. दोघं."

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात दादा लातूरला म्हणून निघाले. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता आणि आम्ही निजामाचेच होतो. कोर्टं ओस पडू लागली होती, पुष्कळ वकील काम सोडून सरहद्दीपलीकडे निजामाविरुद्ध उघडलेल्या छावण्यांत जात होते. दादा त्याबद्दल घरी अवाक्षर बोलले नव्हते. जाताना वहिनींना "चार दिवसांत येतो" म्हणाले आणि मला म्हणाले, "रेणू, माझ्या टेबलावरचं आवरू नकोस. मला काही सापडत नाही मग."

ते चार दिवसांत आले नाहीत. दसऱ्याच्या आधी आलं ते धोंडप्पाचं कार्ड.

तेव्हा उत्तर न टाकायला मला कारण होतं. डाक फोडली जात होती, आणि दादांचं नाव असलेलं कार्ड चाकूरला धाडणं म्हणजे धोंडप्पाच्या दारात पोलीस धाडणं. हे कारण खरं होतं. पण ते नसतं तरी मी काय लिहिलं असतं कोण जाणे. त्या वर्षी रस्त्यांवर रझाकारांच्या लॉऱ्या फिरत होत्या. आम्ही दोघं दिवे लागायच्या आत दार लावून घेत होतो. वहिनी रोज दादांच्या टेबलावरची धूळ झटकायच्या, पण एकही कागद इकडचा तिकडे करायच्या नाहीत.

पुढच्या भाद्रपदात हिंदुस्थानचं सैन्य आलं आणि ते सगळं संपलं. छावण्यांतले लोक परतू लागले, तुरुंग उघडले. गल्लीतली दोन मुलं आली. त्यांना ओवाळताना वहिनीही होत्या. मी येणाऱ्या प्रत्येकाकडे जाऊन विचारत होतो. शेवटी बार्शीकडच्या छावणीत हिशेब ठेवणारे एक गृहस्थ भेटले. ते म्हणाले, "मार्तंडराव येणार म्हणून निरोप होता. आम्ही वाट पाहिली. ते पोचलेच नाहीत."

हे मी वहिनींना जसंच्या तसं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून घेतलं, ताट संपेपर्यंत निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता बस सुरू झाल्यात ना? आपण धोंडप्पांकडे जाऊन फटफटी घेऊन येऊ. दुसऱ्याच्या दारात किती दिवस ठेवायची?"

"मी जाऊन येतो."

"मीही येते. दोरा घरच्या माणसानं सोडायचा असतो."

त्यांनी पिशवीत दशम्या घेतल्या आणि कात्री घेतली. ती कात्री मला बसमध्ये सबंध वाट पिशवीतून टोचत होती.

धोंडप्पाचं घर चाकूरच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच होतं. तो आम्हाला बघून उठून उभा राहिला आणि क्षणभर माझ्या मागे बघत राहिला, आणखी कोणी उतरतंय का म्हणून. मग त्यानं मुंडासं काढून पुन्हा बांधलं.

"अक्का, तुमी कामून तरास घेतला? मी आलो असतो. जगदेवी, पानी आण गं. वकीलसाबाच्या घरची हायत."

जगदेवी, त्याची बायको, पाणी घेऊन आली आणि वहिनींच्या जवळ बसली.

"कार्डाचं उत्तर दिलं नाही," मी म्हणालो. "म्हणजे, देणार होतो."

"आसू द्या मास्तर. त्या दिवसात कोन कुनाला लिहीत हुतं."

"लिहिलं न्हाई तेच बरं झालं," जगदेवी म्हणाली. "दोन बाऱ्या रझाकार आले हुते हुडकायला, मोटारगाडी हाय का म्हणून. ह्यांनी फटफटीवर कडब्याची गंजी रचलेली. वर हेच बसले, पाय सोडून. ते इचारतेत आन हे म्हणतेत, कसली गाडी, मला बैलाचं शेपूट तेवढं ठावं. मी आत थरथर कापून राहिले."

"तू कापत हुतीस का शिव्या देत हुतीस?"

"शिव्याबी देत हुते. तुमालाच."

वहिनी हसल्या. वर्षभरात मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्याच सुरात त्यांनी विचारलं, "धोंडप्पा, ते कुठं उतरले?"

धोंडप्पा खाली बसला. जमिनीवर बोटानं रेघ ओढत तो सांगू लागला.

"अमदपूरच्या पुढं मोडली, नेहमीच्या जागंला. मी आणली वर घालून. साब वरच बसल्ते. पन त्या दिवशी भोंगा वाजवला न्हाई. हितं आलो, बैल सोडले. साबानी भाकर खाल्ली. मग कोट काढला, घडी घालून फटफटीवर ठिवला. म्हणले, धोंडप्पा, लातूरला नको नेऊ. हितंच राहू दे. मी चार रोजात येतो. मी म्हणलो, गाडी जुंपतो, कुठवर जायचंय तितवर सोडतो. न्हाई म्हणले. म्हणले, तुझं बलुतं नांदेड ते लातूर. मी जाऊन राहिलो ते त्याच्या भाईर हाय." त्यानं रेघ पुसली. "हसून बोलले. मला वाटलं, थट्टा. त्या तिकडच्या पांदीच्या वाटेनं गेले. मी जुंपायलाच पायजे हुतं, अक्का."

गोठ्यात एक बैल शिंग घासत होता.

फटफटी गोठ्याच्या आतल्या अंगाला होती. चाकं जमिनीला टेकू नयेत म्हणून खाली विटा लावल्या होत्या, वर घोंगडी. धोंडप्पानं घोंगडी काढली. हँडलच्या मुठीला दादांचा काळा कोट टांगलेला होता. आणि हँडलला दोरा होता. मला वाटलं होतं, तो जुना, विटलेला असेल. तो वर्षाचाच दिसत होता. पिवळा रंग अजून नीट कळत होता.

"हा कधी बांधला?" मी विचारलं.

"मागल्या दसऱ्याला. तुमचं उत्तर न्हाई आलं. मग म्हणलं, सोडतो म्हणून तर कोनी सांगितलं न्हाई."

"पण आम्ही ज्वारी पाठवली नव्हती."

"मास्तर, माणूस वाटंत असताना ज्वारी कसली मागायची?"

वहिनी फटफटीजवळ गेल्या. त्यांनी कोटाची बाही हातात धरली, सरळ केली. कॉलरवर कडब्याचं कूस अडकलं होतं, ते एकेक करून काढलं. मग मागच्या बैठकीवर हात ठेवून जगदेवीला विचारलं, "इथं बसतात का मागं?"

"बसा की, अक्का. हितं कोन बघतंय?"

जगदेवीनं त्यांना हात दिला. वहिनी दोन्ही पाय एका बाजूला सोडून मागे बसल्या आणि तोल जाईल म्हणून पुढच्या रिकाम्या बैठकीच्या कडेला धरलं. धोंडप्पा बैलांकडे वळला आणि उगाच दावं सोडून पुन्हा बांधू लागला. मीही दुसरीकडे बघायला हवं होतं. मला ते जमलं नाही. त्या समोर बघत होत्या. समोर गोठ्याची भिंत होती.

खाली उतरल्यावर त्यांनी पदर नीट केला. मी पिशवी पुढे केली. त्यांनी हात आत घातला, आणि दशम्यांचं फडकं काढून जगदेवीच्या हाती दिलं. कात्री आतच राहिली. कोट मी मुठीवरून काढू लागलो तर म्हणाल्या, "राहू द्या इथंच. वाऱ्यात त्यांना लगेच सर्दी होते. गाडी काढली की लागेल."

धोंडप्पानं माझ्याकडे पाहिलं. "मग, दसरा तर आला. बांधू?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्या रस्त्याकडे निघाल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "भाऊजी कळवतील."

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. मला वहिनींची काळजी वाटत होती. मी मनात वाक्यं जुळवत होतो. वहिनी, आता आपण मान्य करायला हवं. वहिनी, दादा असते तर त्यांनाही हेच वाटलं असतं. पुस्तकांतून वाचलेली वाक्यं. मला वाटत होतं, घरात खरं काय ते कळलेला माणूस मी आहे, त्यांना हळूहळू समजवायचं काम माझं आहे.

अहमदपूर ओलांडलं आणि मागून फटफटीचा आवाज आला.

आवाज जवळ येत गेला, खिडकीच्या रेषेत आला आणि पुढे निघून गेला. हिंदुस्थानच्या सैन्यातला कोणी जवान होता, खाकी कपड्यांतला, पाठीवर थैली. धूळ खाली बसली. मी मान पुढे वळवली तेव्हा वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांची मान वळलीच नव्हती. बसमध्ये अर्धवट उठून, पुढच्या दांड्याला धरून खिडकीबाहेर वाकलेला माणूस मी होतो.

"बसा, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "धक्के फार आहेत रस्त्याला."

घरी आल्यावर दोन-तीन दिवस तो विषय निघाला नाही. एका सकाळी मी शाळेला निघालो तर वहिनी माजघरात कणगीपाशी बसलेल्या. पुढ्यात रिकामं पोतं. त्या ज्वारी सुपात घेत, खडे बघत, पाखडत आणि पोत्यात ओतत. तोंडानं काही मोजत नव्हत्या. पोतं भरत आलं होतं.

"हमालाला सांगाल का येताना?" त्या म्हणाल्या. "चाकूरच्या बसवर टाकायला हवं."

मी चप्पल काढून परत आत गेलो. शब्दकोशातलं कार्ड काढून समोर ठेवलं, एक कोरं कार्ड घेतलं, दौत पुढे ओढली. वर्षभरात मी या उत्तराचे किती मसुदे मनात रचले होते! लिहायला बसलो तर फार वेळ लागला नाही. 'यंदाची ज्वारी पाठवत आहोत. मागील वर्षाची राहिली, ती सुगीनंतर पाठवू. वकीलसाहेबांच्या फटफटीला दोरा बांधावा.' खाली सही केली. वाचून पाहिलं. 'बांधावा'च्या पुढे आणखी काही लिहावंसं वाटलं, ते सुचलं नाही.

पोस्ट शाळेच्या वाटेवरच होतं. पेटीच्या तोंडात कार्ड धरून मी जरा थांबलो, आणि सोडलं. खाली पडल्याचा आवाज आला नाही. आत पुष्कळ पत्रं असावीत. वर्षभराची राहिलेली उत्तरं लोक त्या दिवसांत टाकत होते.